दस्तगीर उस्तादांचा साचा

"मग रायफलच खोटी म्हणायची का, उस्ताद?"

उदाजी मानेने नेमाचा कागद दस्तगीर उस्तादांच्या नाकासमोर धरला. कागदावर पाच भोकं होती, पाचांची तोंडं पाच दिशांना, आणि गोल असं एकही नव्हतं. गोळ्या कागदात आडव्या शिरल्या होत्या, उंबऱ्याला अडखळलेला माणूस घरात शिरतो तशा.

उस्ताद चुलीवर शिसं वितळवत बसले होते. त्यांनी कागद पाहिला, आणि चुलीत फुंकर घातली.

"उस्ताद, उद्या दसरा आहे!"

"ठाऊक हाय की."

दसऱ्याला रांजणीच्या माळावर चांदमारी व्हायची. नेमबाजांच्या पाच-सहा तालमी उतरायच्या आणि सारी पंचक्रोशी बघायला लोटायची. उस्तादांच्या तालमीकडून यंदा पहिल्यांदाच उदाजी उभा राहणार होता. त्यात गोळ्यांनी हा तमाशा मांडलेला. उद्या असंच झालं तर नाक कापलं जाणार, आणि ते एकट्याचं नव्हे, उस्तादांचंही.

त्या तालमीचा एक रिवाज होता. बाजारची गोळी वापरायची नाही. उस्तादांच्या पितळी साच्यात आपल्या हातानं शिसं ओतायचं आणि तीच गोळी काडतुसात भरायची. तो साचा उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला. चांदमारीची मानाची पहिली गोळीही त्याच साच्यातली. दर साली उस्ताद ती आपल्या जुन्या रायफलीतून सोडत, आणि मगच बाकीचे रायफलीला हात लावत.

"साचा तोच, शिसं तेच," उदाजी म्हणाला. "आणि रायफल म्हणाल तर नवीकोरी, मुंबईहून आणलेली. खालची कडी ओढली की काडतूस आत! तुमचीही कडीचीच, पण तुमच्या नळीत खाचा सहा. माझ्या नळीत बारा! दुप्पट खाचा म्हणजे दुप्पट पकड. तरी…"

"तरी?"

"दारू वाढवून बघितली. आणखीच बिघडलं."

उस्ताद खुदकन हसले. "घोडं अडलं की तू चाबूकच काढणार!"

उदाजीचे कान लाल झाले. ही रायफल त्याने सबंध गावात मिरवली होती. दिसेल त्याला थांबवून तिच्या बारा खाचा मोजून दाखवल्या होत्या.

"उद्यापुरती… तुमची रायफल द्या."

उस्तादांनी शिशावरची मळी पळीने बाजूला सारली.

"देणार नाही?"

"त्या मातीच्या बांधातनं गोळ्या उकरून आण. एक तुझी, एक माझी."

उदाजी धावत गेला, तसाच धापा टाकत परत आला. नेमाच्या मागच्या मऊ मातीत गोळ्या रुतून बसत, त्यातल्या दोन त्याने आणल्या होत्या.

"नखानं बघ," उस्ताद म्हणाले.

उस्तादांच्या गोळीवर सहा रेघा होत्या. चांगल्या खोल, नख अडकेल अशा.

उदाजीने स्वतःची गोळी बोटांत फिरवली. पुन्हा फिरवली. गोळी सगळीकडून गुळगुळीत, चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखी.

"बारा रेघा कुठं गेल्या रं?"

उदाजीने गोळी उजेडात धरून पाहिली.

"माझी नळी रांगडी. खाचा थोड्या, पण खोल. गोळी जरा बारीक असली तरी मानगूट धरून फिरवती. तुझ्या नळीच्या खाचा लई, पण वरवरच्या. तिला गोळी अंगाबरोबर लागती. तू बारीक गोळी घातलीस, वर दारूचा रेटा दिलास. ती न फिरता घसरणार, आडवी जाणार, न्हाई तर काय करणार?"

उदाजीचे डोळे चमकले. म्हणजे यावर इलाज होता!

"नळी खोटी नाही?"

"न्हाई."

"मग गोळी?"

"ती पण न्हाई."

"म्हणजे सा…"

त्याने जीभ चावली. उस्तादांच्या साच्याला नाव ठेवायचं म्हणजे काय! त्या साच्याला तो रोज हात लावून नमस्कार करत असे.

उस्तादांनी साचा उचलला. वितळलेल्या शिशाची एक गोळी ओतून तिच्या बुडात खिळा रोवला. गोळीला तेल लावलं, धार लावायच्या कुरुंद दगडाची बारीक पूड चोळली, साच्याच्या दोन्ही फाका तिच्यावर मिटल्या, आणि खिळा धरून गोळी आतल्या आत फिरवायला सुरुवात केली.

खर्र… खर्र… पितळ झिजू लागलं.

"उस्ताद!" उदाजीने त्यांचं मनगटच धरलं. "अहो, साचा मोठा होईल! झिजलेलं पितळ पुन्हा भरून येतं का कधी?"

"न्हाई येत."

त्यांनी मनगट हळूच सोडवून घेतलं, आणि पुन्हा खर्र… खर्र…

उदाजीला बघवेना आणि नजरही काढवेना. दर थोड्या वेळाने उस्ताद एक गोळी ओतत, नव्या नळीच्या तोंडाशी लावून बघत, मान हलवत, पुन्हा झिजवत. मग एकदाची त्यांची मान हलायची थांबली. त्यांनी साचा पुसून घेतला आणि शिशात कथलाचा तुकडा टाकला. तेवढ्याने गोळी जरा कडक होते.

"भर. दारू कमी घाल."

"कमी? मग गोळी पोचायची कशी?"

"पोचंल सावकाश. घाई तुला हाय, तिला न्हाई."

पहिली गोळी सुटली. धक्का इतका मऊ बसला की उदाजीला वाटलं, बार फुसका गेला. तो कागदाकडे धावला.

भोक गोल होतं! अगदी गोल!

दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी बसली. तिसरीने दोघींच्या मधली जागा फाडली. उदाजीने अशी आरोळी ठोकली की माळावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. तो उड्या मारत, कागद नाचवत परत आला.

"उस्ताद! एकाला एक चिकटून! उद्या बघाच तुम्ही! तुमची पहिली गोळी सुटू दे, की मग मी…"

तो मध्येच थांबला.

त्याने नवी गोळी भरलेलं एक काडतूस घेतलं, उस्तादांच्या जुन्या रायफलीत घातलं, कडी ओढली. कडी अर्ध्यावर अडली. गोळी जाड झाली होती, काडतूस आत जाईना. जुन्या गोळ्या तर उस्तादांनी सकाळीच चुलीवर वितळायला टाकल्या होत्या.

उदाजीच्या हातातला कागद खाली पडला. त्याचे डोळे भरून आले.

"उस्ताद… उद्याची पहिली गोळी…"

उस्तादांनी साचा त्याच्या ओंजळीत ठेवला.

"माझ्या नळीसाठी हा साचा झिजवला, त्या साली माझे उस्तादही रिकाम्या रायफलीनंच उभे राहिले होते. पहिली गोळी मी सोडली. ओत आता… शिसं गार व्हाया लागलंय."