खालची ओळ

लातूरच्या बाजारपेठेत धनराजशेठचं मोबाइलचं दुकान होतं. परदेशातून आलेले स्वस्त फोन विकताना शेठ छातीठोकपणे सांगायचे, "याला कुठल्या कंपनीचं लॉक नाही. कुठलंही सिम घाला, चालणारच!"

रत्नप्रभाबाईंनी त्यातलाच एक घेतला. घरातली सगळी सिमं घालून पाहिली, पण फोनला रेंज काही येईना. दुसऱ्या दिवशी त्या फोन बदलून मागायला गेल्या, तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"बदलून मिळणार नाही," शेठ म्हणाले. फोनमधल्या चिनी अटी उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, स्पष्ट लिहिलंय. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

बाईंनी चष्मा लावला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि इथं लिहिलंय, सिम चाललं नाही तर दुकानदाराने फोन मुकाट्याने बदलून द्यावा."

दुकानात खसखस पिकली. शेठ भडकले, "तुम्हाला चिनी कधीपासून वाचता यायला लागलं?"

"तुमच्याबरोबरच शिकले," बाई म्हणाल्या. "मला एक ओळ जास्त येते, एवढंच."

शेठनी फोन बदलून दिला, आणि तोही मुकाट्याने.