उरलेली झोप

भाऊसाहेब खर्डेकरांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत, दुपारपर्यंत सगळंच तरंगायला लागायचं. पेशंटला भूल देऊन उरलेला वायू तिथंच गोडसर रेंगाळायचा. दिवे लांब लांब जायचे, माणसं पाण्याखाली बोलल्यासारखी बोलायची. गरोदर मंजुळा नर्स पोटावर हात ठेवून म्हणायची, "माझ्या बाळाला काही व्हायला नको गं!"

कुंदा सिस्टरनं वायू शोषणारा कोळशाचा फिल्टर मागितला. भाऊसाहेब फिस्कारले, "उरल्यासुरल्या वायूनं काय होतंय? कामचुकारांना झोप येणारच."

पण हर्निया काय मालक बघून होत नाही! भाऊसाहेबांना झाला. ऑपरेशन दिवसातलं शेवटचं ठेवलं, कारण कमाईचे पेशंट आधी. टेबलावरून बघतात तर सर्जन डोळे मिटून गालात हसतोय.

"सिस्टर, हा पेंगतोय की!"

"छे हो भाऊसाहेब, उरल्यासुरल्या वायूनं काय होतंय? डॉक्टरच कामचुकार असतील. देऊ का त्यांच्या हातात सुरी?"

भाऊसाहेब हर्निया धरून ताडकन उठले. "आधी फिल्टर आणा!"

फिल्टर बसला, मगच ते पुन्हा आडवे झाले. पुढे मंजुळेला धडधाकट मुलगी झाली. मी पाहिलीय ना, आईला डोळ्याला डोळा लागू देत नाही कार्टी!