देवाचा पडदा

"आईला पोटच्या पोराचा कधी कंटाळा येतो का, आक्का?"

तानूबाईंनी विचारलं आणि शेजारी बसलेल्या सुनेकडे असं पाहिलं, जणू तिनं चोरीच केली होती.

आक्का मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"का? काय झालं?"

"पोराच्या जावळाला घर भरलेलं. त्यात ही म्हणाली, मी दमले. मला जरा वेळ हे नको." तानूबाईंचा आवाज खाली आला. "चार माणसांनी ऐकलं, आक्का. गावभर झालं. आता घरातले म्हणत्यात, हिला माहेरी धाडा आन् पोर ठिवून घ्या. तुमी काय तरी सांगून बघा, म्हणून आणलीया."

सून, कुंदा, पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर नऊ महिन्यांचं, दात येत होते, रात्र रात्र रडायचं. ती त्याला थोपटत होती आणि थोपटता थोपटता तिचेच डोळे मिटत होते.

"बाप कुठाय ह्याचा?"

"त्यो कशाला? बायकांच्या कामात त्याचं काय काम!"

आक्का पुढची शेंग फोडू लागल्या.

आक्कांचा शिष्य विश्वंभर खांबाला टेकून सगळं ऐकत होता. बारा वर्षं मठात राहिलेला, ना बायको ना मूल. पण 'आई' या विषयावरचं त्याचं प्रवचन पंचक्रोशीत गाजलेलं. आता तर ऐकणारी समोर आयतीच आली होती.

"आक्का, मी बोलू?"

"बोल की."

तो बोलला. चांगला अर्धा तास बोलला. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे न विझणारी समई. "आई हेच खरं दैवत," तो शेवटी म्हणाला, "आणि दैवत कधी दमत नसतं, बाई."

तानूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कुंदा बसल्या जागी पेंगली. पोर मांडीवरून घसरता घसरता वाचलं.

"बघा! आईचीच थोरवी चाललीया आन् ही झोपतीया!"

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. गाभाऱ्याकडे गेल्या.

नैवेद्य झाला, की देवाच्या विश्रांतीसाठी गाभाऱ्यावर पडदा ओढतात. मग चार वाजेपर्यंत दर्शन नाही. हा नियम विश्वंभर डोळ्यांत तेल घालून पाळायचा. एकदा तर त्यानं तहसीलदारांना पायरीवर बसवून ठेवलं होतं... देव निजलेत म्हणून.

आक्कांनी तो पडदा सोडवला. ओसरीच्या कोपऱ्यात दोरी बांधून त्यावर टाकला. आतल्या बाजूला चटई पसरली.

"पोरी, हितं पड."

"बाळ..."

आक्कांनी बाळ उचललं आणि विश्वंभरच्या हातात दिलं. तानूबाई लगबगीनं पुढे झाल्या. "आणा, मी घेते."

"तुमी चार वाढवलीत. बसा. पाय पसरा जरा."

"आक्का, देवाचा पडदा!" विश्वंभर कळवळला.

"दैवत म्हणालास न्हवं? मग निजू दे."

पडद्याआड कुंदा आडवी झाली. तिचा डोळा लागायला दोन पळंही लागली नाहीत.

पोरानं आधी विश्वंभरची दाढी ओढली. मग जपमाळ चावली. मग उपरणं भिजवलं. मग जे रडायला लागलं, ते थांबेचना. विश्वंभरनं अभंग म्हणून पाहिला, खुळखुळा म्हणून टाळ वाजवून पाहिले. भर उन्हात अंगणात फेऱ्या घातल्या. फरशीनं पाय पोळले. थांबला, की पोर पुन्हा सूर लावायचं.

ओसरीवर तानूबाई पाय पसरून बसल्या होत्या. असं बसा म्हणून त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"माझ्या तिसऱ्याच्या येळी..." त्या कुणालाच उद्देशून नाही, अशा बोलल्या. "मी मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसायची. काठावर. हाक आली तरी ओ द्यायची न्हाई."

"मग?"

"मग काय... उठून घरी यायची. बोलले न्हाई कधी कुणाला."

आक्कांचा शेंग फोडणारा हात थांबला. पुन्हा सुरू झाला.

तीन वाजले असतील. विश्वंभर ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. उपरणं खांद्यावरून गळालेलं, डोळे लाल. पोर अजून रडतच होतं.

"आक्का!" तो जवळजवळ ओरडलाच. "मी दमलो हो! मला जरा वेळ हे नको!"

तानूबाईंनी झटकन मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांनी पसरलेले पाय हळूच जवळ घेतले आणि नजर खाली वळवली.

आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाबा... चार माणसं ऐकत्याल."