घैसास सरांचा बिनचूक कोड

मराठी टाइप करण्याच्या एका मोफत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघायची होती. एरवी त्यात कोणीही भर घालावी, पण आता दार बंद झालं होतं. चूक दुरुस्त करणारा बदल तेवढा आत, बाकी सगळे पुढच्या खेपेला. दार राखायला होती शर्वरी दाभोळे.

ऑनलाइन बैठकीत घैसास सरांनी तिला गाठलं. सर नामांकित प्राध्यापक, बैठकीतली निम्मी मंडळी त्यांचेच विद्यार्थी. त्यांना स्वतःच पूर्वी लिहिलेला कोड बदलायचा होता.

"नियम इतरांना असतात, शर्वरी. माझा बदल आजच घे."

तिला पुढचं दिसत होतं. सरांना आत सोडलं की आपापले बदल घेऊन मागे थांबलेली अख्खी रांग घुसणार आणि आवृत्ती रखडणार.

"घेते की सर," ती म्हणाली. "तुमच्या जुन्या कोडमध्ये चूक होती, एवढं सगळ्यांसमोर सांगा. मग तो नियमातच बसतो."

सर ताठ झाले. "माझ्या कोडमध्ये चूक नसते."

"मग सर, बिनचूक कोडला मी तरी कशाला हात लावू?"

पडद्यावरचे कॅमेरे भराभर बंद झाले. हसू कोणालाच आवरेना.

"बरं," सर घसा खाकरत म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू."

रांगेतल्या बाकीच्यांनी मग काही विचारलंच नाही.