रणदिवे साहेबांची मिशी आणि पिठलं

आमच्या शाळेत पोरांचं जेवण मी शिजवते. चौथीला ज्वालामुखी शिकवायचा म्हणून केतकी बाईंनी वर्ग सरळ माझ्या चुलीपाशी आणला. पातेल्यात पिठलं रटरटत होतं. तेवढ्यात तपासणीला रणदिवे साहेब टपकले.

“ज्वालामुखी काय चुलीवर शिकवतात? तक्ता कुठाय?” असं ओरडून त्यांनी वाईट शेरा मारायला वही उघडली. नवी नोकरी, बाई रडवेल्या झाल्या.

मी म्हटलं, “साहेब, बघून तर लिहा. पण लांबनंच हं, उडतंय ते.”

“मावशी, ज्वालामुखीवर मी जाड जाड पुस्तकं वाचलीत. पिठल्याला भिऊ?” म्हणत ते पातेल्यावर वाकले.

मधोमध बुडबुडा फुगायला लागला. “आता फुटणार!” म्हणत सगळी पोरं मागं पळाली. साहेब तिथंच. बुडबुडा फट्‌कन फुटला आणि पिठलं थेट त्यांच्या मिशीवर.

ओला फडका देत मी म्हटलं, “चौथीच्या पोरांना पळायचं कधी ते कळलं. पुस्तकं वाचलेला तेवढा भाजला. आता लिहा साहेब, नापास कोण?”

साहेबांनी शेरा न लिहिताच वही मिटली. दुपारी जेवायलाही थांबले. फक्त पंगतीत बसले ते पातेल्यापासून सगळ्यात लांब.