ठकाक्काचं ‘न्हाई कळलं’

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा ग्रामपंचायत नव्हती, सरपंच नव्हते आणि गावाचा कारभार पाच पंच पिंपळाच्या पारावर बसून पाहत, तेव्हा आमच्या शिरसतळ्यात ठकाक्का नावाची कुंभारीण राहत होती. नाव ठकू, पण ठकायची नाही, असं म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला तळं, तळ्याला मातीचा बांध आणि बांधाच्या पायथ्याशी कुंभारवाडा. बांध धड असला तरच कुंभारवाडा धड.

तेव्हा गावात एक रीत होती. पंचांनी गावचं काही विकलं, काही बांधलं, की भिवा हलगी वाजवत आळीआळीतून दवंडी द्यायचा आणि शेवटी विचारायचा, “कळलं का होऽऽ?” आळीनं म्हणायचं, “कळलं!” सगळ्या आळ्यांचं ‘कळलं’ आल्याशिवाय पंचांनी पार सोडायचा नाही. रीत फार चांगली होती. पण लोक तुमच्याआमच्यासारखेच. कुणी भाकरी थापताना, कुणी मिशेरी लावताना ‘कळलं’ म्हणून मोकळं व्हायचं. काय कळलं असं कुणी विचारलं असतं, तर मोठी पंचाईत झाली असती.

एका साली मृग तोंडावर आला असताना भिवा कुंभारवाड्यात आला. “ऐका होऽऽ! गावची सागाची झाडं इकली, त्या पैक्यातनं तळ्याचा बांध भरून घेतला होऽऽ! कळलं का होऽऽ?”

“कळलं!” सगळा वाडा ओरडला.

चाकावरून मान वर न करता ठकाक्का म्हणाली, “न्हाई कळलं.”

लोक हसले. भिवाच्या हातातली हलगी मात्र थांबली, कारण असं उत्तर त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. “अक्का, थट्टा नगं. पंच पारावर खोळंबल्यात.”

“थट्टा न्हाई, भिवा. माजी लेक कालच बाळंतीण झालीया, बांधाखालच्याच खोलीत निजलीया. बांध कुटं भरला, कवा भरला, म्या तर बघितला न्हाई. मग कळलं कसं म्हनू?”

भिवा परत पारावर गेला. पंचांत थोरला म्हाद पाटील. तो गरजला, “त्या बाईला काय कळतंय? तिला सांग, ‘कळलं’ म्हन, न्हाईतर तळ्यातली माती उचलू देनार न्हाई!”

भिवानं येऊन ते सांगितलं, तशी ठकाक्का घाबरली. खरंच घाबरली, कारण मातीच मिळाली नाही तर कुंभारणीनं खायचं काय? पण आत तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं आणि ती उठून उभी राहिली. “पाटलांनी बराबर वळखलं. मला कळत न्हाई, म्हनूनच इचारतीया. जा, सांग त्यांना. न्हाई कळलं!”

ती हे इतक्या जोरात म्हणाली, की समोरच्या डोंगरानं ते शब्द उचलले आणि डोंगर बोलतच राहिला, असं म्हणतात. ‘न्हाई कळलं... न्हाई कळलं...’ लोहार आळीत ऐरणीवर पडता पडता घण थांबला. एक लोहार हळूच बोलला, “खरं सांगू का? मलाबी कळलं नव्हतं.” मग तेली म्हणाला, मग माळ्यांच्या बायका म्हणाल्या. ज्यानं त्यानं आपलं ‘कळलं’ परत घेतलं. मृगाचे ढग आले, पण तेही शिवेवर पाहुण्यासारखे तिष्ठत राहिले, असं म्हणतात.

पंचांना पार सोडता येईना. पाटलानं एकदा उठायचा प्रयत्न केला, तर पाराचे दगड त्याच्या पायांना चिकटले म्हणे. ते खरं की खोटं कोण जाणे, पण सगळं गाव समोर उभं असल्यावर कोणाचेही पाय जड होतातच. शेवटी पंचांतले एक म्हातारे म्हणाले, “पाटील, चला. बांध दावून येऊ.”

बांधावरून पाहिलं तर सगळं छान दिसत होतं. नवी लाल माती, वर पाणी शिंपडलेलं. पाटील म्हणाला, “झालं समाधान?”

“आमच्यात माती डोळ्यानं कळत न्हाई, पाटीलबाबा,” ठकाक्का म्हणाली. “पायानं कळती.” ती अनवाणी पुढं झाली, तिनं चिखल तुडवावा तसं दोनदा तुडवलं आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. लोकांनी तिला ओढून काढलं. खाली नुसत्या बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या, भरलेल्या होत्या. तिचा पाय रक्तानं भरला.

कुंभारवाड्यातल्या बायका रडू लागल्या. ‘कळलं’ म्हणून आपणच आपली लेकरं पाण्याखाली दिली असती, हे त्यांना तेव्हा कळलं.

“झाडं कुटं गेली, पाटील?” लोहारानं विचारलं. सगळ्या गावासमोर पाटलाला कबूल करावं लागलं. झाडं विकलीच नव्हती, ती त्याच्या नव्या माडीला लागली होती. मग माडी उतरवली, सागवान विकलं, आणि पाटलासकट पाचही पंचांनी डोक्यावरून मातीची पाटी वाहिली. गावही मागं राहिलं नाही. बांध भरला तेव्हा ठकाक्का लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवत गेली आणि म्हणाली, “आता कळलं!” तेव्हा कुठं डोंगर गप्प झाला आणि ढग आत आले, असं म्हणतात.

पुष्कळ गावं सांगतात, की त्यांच्या बांधाला कुणा बाईचा बळी लागला. आमच्या बांधाला बळी लागला नाही. आमची ठकाक्का म्हातारी होऊन, पतवंडं खेळवून, आपल्याच घरात डोळे मिटून गेली. बांध अजून उभा आहे.

आजही शिरसतळ्याच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून झाला, की कुंभारवाड्यातली एक बाई उठते आणि म्हणते, “न्हाई कळलं.” कळलं असलं तरी म्हणते. मग सरपंच, ग्रामसेवक, सगळी सभा उठून काम झालेल्या जागी जाते, आणि ती बाई ‘कळलं’ म्हणेपर्यंत सरपंचांना घरी जाता येत नाही. गेल्या साली नवी पाण्याची टाकी तिला काही केल्या कळेना, कारण बुडातून पाणी झिरपत होतं. दिवस कलला तरी सरपंच तिथंच. घरून त्यांचा डबा आला. त्यांनी तो टाकीच्या सावलीत बसून मुकाट्यानं खाल्ला, हात धुतला आणि ठेकेदाराला फोन लावला.