अर्थ हरवलेले अक्षर

एका राज्यात सूर्योदयाच्या वेळी उत्तर वेशीजवळच्या विहिरीवर दगडी झाकण आढळले. आदल्या संध्याकाळी ते तिथे नव्हते. झाकण काळ्या दगडाचे होते, चार माणसांना हलणार नाही इतके जड, आणि त्यावर एकच अक्षर कोरलेले होते: 水. त्या देशाच्या लिपीत प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे अक्षर असे. डोंगराला एक, बैलाला एक, माशाच्या खवल्यालाही एक. हे अक्षर पाण्याचे होते.

ऊन अंगणात उतरेपर्यंत बातमी आली की नगरातल्या सगळ्या विहिरींवर तशीच झाकणे आहेत. नदीकाठी गेलेल्या बायका कोरड्या घागरी घेऊन परतल्या. नदीच्या पात्रात नुसती वाळू होती.

त्याचे कारण आदल्या सूर्यास्ताला घडले होते. राजा गादीवर बसला की एक अक्षर नाव म्हणून घेई, अशी त्या राज्याची रीत होती. त्या क्षणापासून ते अक्षर प्रजेने लिहायचे नाही आणि उच्चारायचेही नाही. अक्षर ज्या वस्तूचे, ती वस्तूही राजाचीच होऊन जाई. म्हणून जुने राजे जपून वागत. कोणाला कधी लागणार नाही असे दुर्मीळ अक्षर ते शोधून शोधून घेत. आत्ताच वारलेल्या राजाने गुहेतल्या आंधळ्या माशाच्या खवल्याचे अक्षर घेतले होते. त्याच्या बापाने, कड्यावरून खाली पोचायच्या आत विरून जाणाऱ्या हिमकणाचे. कोणाचे काही अडले नाही. नव्या राजाने पाण्याचे घेतले.

का घेतले? प्रधान फांगमूने सांगितले म्हणून. फांगमू प्रधान होता, तसाच मांत्रिकही होता. म्हातारा राजा पावसाळ्यापासून अंथरुणावर बेशुद्ध होता, तेव्हा याने "लिपीवर निरुपयोगी अक्षरांचा भार नको" म्हणून सगळी दुर्मीळ अक्षरे गोळा केली आणि जाळली. मग राज्यारोहणाच्या दिवशी दुर्मीळ अक्षर आणायचे कुठून? दरबारात इतके पंडित बसले होते. एकानेही तोंड उघडले नाही.

राज्याची दवंडी देण्याचे काम रुइलानकडे होते. आईमागून तिला मिळालेला डफ ती गळ्यात अडकवी. त्या सकाळी तिने वेशीवर उभे राहून नवा हुकूम सांगितला: महाराजांच्या नावाचा उच्चार करील त्याचे मस्तक उडवले जाईल. सांगून झाल्यावर ती झाकणाच्या कडेला टेकली. सहज तिचे बोट कोरलेल्या रेघेतून फिरले, आणि नखात सुकलेले हिरवे शेवाळ आले. तिने ते झटकले. इतक्यात गावातून धूर दिसला.

विणकराचे घर पेटले होते. सगळी गल्ली जमली होती, आणि सगळे गप्प होते. काय आणा म्हणून ओरडायचे, हेच कोणाला कळेना. आत विणकराची म्हातारी अडकली होती. तेव्हा रुइलानचा धाकटा भाऊ तिंगबो ओरडला, "पाणी आणा रे! पाणी!"

लोकांनी वाळू फेकून आग विझवली. म्हातारी वाचली. तिंगबोला शिपायांनी तिथेच धरले.

शिक्षा ठरली: उद्या सूर्यास्ताला वध. दवंडी रुइलाननेच द्यायची होती. तिने दिली. मग उत्तररात्री ती तुरुंगाच्या गजांपाशी गेली.

"ताई, घशाला कोरड पडलीय," तिंगबो म्हणाला.

"काही बोलू नकोस."

"नाही बोलत. एकदा बोललो तेवढं पुरे झालं." मग त्याने तोंड गजांना लावले आणि तिच्या कानात कुजबुजला, "पुढच्या वेळी घर पेटलं, की 'महाराज आणा' म्हणून ओरडेन."

पहारेकऱ्याने पाठ फिरवली. त्याचे खांदे हसण्याने हलत होते. रुइलानला हसू आले नाही.

ती निघाली ती थेट अक्षरभट्टीपाशी आली. लिहिलेला कागद त्या राज्यात कोणी पायाखाली येऊ देत नसे. जुने कागद गोळा करून त्या दगडी मनोऱ्यात जाळत आणि राख नदीत सोडत. मग त्यातली अक्षरे शांत होत. भट्टीच्या धुराड्यात एक मैना राहात असे. ती माणसासारखी बोले, आणि त्याचे कोणाला नवल नसे.

"मैनाबाई, दुर्मीळ अक्षरे खरोखर संपली का?"

"जळली. संपली नाहीत," मैना म्हणाली. "फांगमूला घाई होती. राख नदीत सोडायची सोडून त्याने ती खिंडीपलीकडच्या दरीत ओतली. नदी न मिळालेले अक्षर मरत नाही. ती सगळी तिथे हिंडताहेत."

"त्यातले एक आणले तर?"

"तर राजाला नाव बदलता येईल. पण कोणतेही उचलून आणू नकोस. राजाने घेतलेले अक्षर प्रजेला अंतरते. तुला असे अक्षर हवे, की जे गेल्याने कोणाचे काही जाणार नाही."

मैना पुढे उडाली. रुइलान कोरड्या नदीच्या पात्रातून चालत राहिली. ऊन चढता चढता ती खिंड ओलांडून दरीत उतरली.

आधी धुळीचा लोट आला. लोटातून तीन बैल धावत आले, एक पुढे आणि दोन मागे, जसे ते कागदावर लिहीत तसेच: 犇. त्या अक्षराचा अर्थ धाव.

"थांबा!" रुइलान ओरडली.

"थांबलो तर आम्ही उरत नाही," पुढचा बैल धावता धावता म्हणाला. "काय हवे?"

"राजाच्या नावासाठी चला."

"येतो. पण उद्यापासून तुमच्या राज्यात कोणी धावणार नाही. आग लागली तरी चालत जाल. पोर कड्याच्या टोकाशी गेले तरी आई चालतच जाईल."

रुइलान बाजूला झाली. बैल निघून गेले.

पुढे एका खडकावर तीन कान बसले होते, वर एक मोठा आणि खाली दोन: 聶. त्या अक्षराचा अर्थ कुजबूज. ते तिच्याआधीच बोलले, आणि इतक्या हळू, की तिला वाकावे लागले.

"आम्हांला ने. आमची कोणाला गरज आहे?"

सूर्य डोक्यावर आला होता. रुइलानने डफ पुढे केला. कुजबूज गेली तर काय बिघडेल? मोठ्याने बोलतील लोक. भाऊ तर जगेल. कान डफावर उतरू लागले, आणि तिला गजांतून आलेला तो ऊन श्वास आठवला. जिथे शब्दांवर पहारा बसतो, तिथे माणूस आणखी कसे बोलणार? जुलमाविरुद्ध पहिला शब्द मोठ्याने कधी कोणी उच्चारला आहे?

तिने डफ मागे ओढला. "नको. तुम्ही आम्हांला लागाल."

"मग भाऊ?" कान म्हणाले.

ती चालू लागली. मैना डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, "ऊन कलले! ऊन कलले!"

दरीच्या तळाशी, एका धोंड्याच्या आडोशाला एक अक्षर एकटेच बसले होते. त्याला वर छपरासारखी रेघ होती, खाली उघड्या डोळ्यासारखा आकार, आणि बाजूला टेकू दिल्यासारखी एक तिरपी काठी. तसे अक्षर रुइलानने कधी पाहिले नव्हते.

"आजोबा, तुमचा अर्थ काय?"

"माहीत नाही, मुली," अक्षर म्हणाले. "ज्यांना माहीत होता ते गेले. कोशात माझ्यापुढे लिहीत, 'अर्थ अज्ञात'. पिढ्यान् पिढ्या लेखनिक मला तसेच उतरवून घेत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. पण एकानेही गाळले नाही."

"तुम्ही राजाचे नाव झालात तर कोणाचे काय जाईल?"

अक्षराने बराच विचार केला. "माझ्यामुळे कोणाचे काही आले नाही. गेल्याने काय जाणार?"

रुइलानने डफ जमिनीवर टेकवला. अक्षर उठले, चामड्यावर चढले आणि राखेच्या रंगात तिथे बसून राहिले. ती पळत सुटली.

खिंडीच्या तोंडाशी फांगमू उभा होता. त्याची सावली पडत नव्हती.

"ते अक्षर मला दे," तो म्हणाला. "तुझा भाऊ या क्षणी सुटेल. माझा शब्द."

"आणि विहिरी?"

"विहिरी महाराजांच्या. ज्याला तहान लागेल त्याने माझ्याकडे अर्ज करावा."

"म्हणजे राज्य तुमचे."

"भावाचे बोल, बाई. सूर्य थांबत नाही."

रुइलानने सूर्याकडे पाहिले. तो डोंगराच्या दोन हात वर होता. फांगमूचा शब्द खरा होता, हेही तिला कळत होते. भाऊ सुटेल, घरी येईल, आणि तहानेने मरेल. सगळी गल्लीच मरेल.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

फांगमूने फुंकर घातली. फुंकरीचा जाळ झाला. डफाची लाकडी कड करपली, रुइलानच्या उजव्या तळहाताची कातडी सोलली. चामडे मात्र जळले नाही. "मला एकदा जाळून झाले आहे," अक्षर शांतपणे म्हणाले. "राखेला आता काय जाळशील?" तेवढ्यात मैनेने मांत्रिकाच्या डोळ्यांवर झडप घातली, आणि रुइलान खिंडीतून निसटली.

वधस्थानी गर्दी होती. तिंगबो गुडघ्यांवर बसला होता. राजा उंच आसनावर होता. सूर्याची कड डोंगराला टेकली. जल्लादाने तलवार उचलली.

तेव्हा डफ वाजला.

डफ वाजत असेपर्यंत राजानेसुद्धा कान द्यायचे आणि कोणीही शस्त्र चालवायचे नाही, असा त्या राज्यातला कायदा राजांपेक्षा जुना होता. जल्लादाचा हात वरच राहिला. रुइलान सोललेल्या हाताने डफ वाजवत गर्दीतून पुढे आली. तेवढ्यात फांगमूही येऊन आसनामागे उभा राहिला.

"कोणाच्या हुकमाने ही दवंडी?" राजाने विचारले.

"हुकूम नाही, महाराज. प्रश्न आहे. आपल्या वाडवडिलांनी कोणाला न लागणारे नाव का घेतले?"

"तशी अक्षरे उरली नाहीत."

"हे पाहा." तिने थाप न थांबवता डफ उंच धरला. चामड्यावर अक्षर दिसत होते.

"याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही, महाराज."

दरबारी हसले. फांगमू पुढे झाला. "ही राजाची थट्टा आहे. अर्थ नसलेले नाव भिकाऱ्यालाही कोणी ठेवत नाही."

राजाने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. जीभ कोरडी होती. राजाचे नाव गिळणे हा द्रोह, आणि तो नियम राजालाही लागू होता. त्याला परवापासून दूध आणि मद्यच मिळत होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे नाव घेतले तर लोक मला काय म्हणतील?"

"तुम्ही जसे राज्य कराल तसे. आज कोरे आहे. तुमच्यामागून त्याचा अर्थ ठरेल."

रुइलानचा हात थकला होता. डफावरची थाप मंद होत चालली. गर्दीतून कोणीतरी हातांनी ताल धरला, मग दुसऱ्याने, मग साऱ्या मैदानाने. सूर्याची एक कोर उरली होती. राजा आसनावरून उतरला. त्याने कुंचला घेतला आणि पांढऱ्या पटावर ते अक्षर काढले. वर छप्पर, खाली डोळा, बाजूला काठी. डफावरचे अक्षर तेवढ्यात पुसले गेले.

नगरभर दगड तडकल्याचा आवाज झाला. झाकणे दुभंगून बाजूला पडली. कोरड्या नदीतून आधी गार वारा आला, मग लोंढा आला. जल्लादाने तलवार ठेवली आणि सगळ्यांआधी तोच पळाला, पाणी प्यायला.

तिंगबोचे हात सोडले. तो बहिणीला म्हणाला, "ताई, आता म्हणू का?"

"म्हण."

"पाणी," तो म्हणाला, आणि रडू लागला.

राज्याची घडी बसली. दरीतली राख गोळा करून विधीने शाईत कालवली, आणि जळलेली अक्षरे हळूहळू लेखनिकांच्या कुंचल्यांत परत आली. फांगमूला राजासमोर उभे केले. रुइलानने त्याला सर्वांदेखत एक प्रश्न विचारला. त्याने तोंड उघडले, तेव्हा तोंडातून राख गळू लागली. राख गळून संपली तेव्हा तिथे नुसती वस्त्रे पडलेली होती.

तिचा प्रश्न असा होता. राजाने पाण्याचे नाव सूर्यास्ताला घेतले. सूर्योदयाला सगळ्या विहिरींवर झाकणे होती. एका रात्रीत इतके दगड कोरून होत नाहीत, आणि कोरलेल्या रेघेत एका रात्रीत शेवाळ चढत नाही. म्हणजे म्हातारा राजा जिवंत असतानाच झाकणे तयार होऊन कुठेतरी ओल्यात पडून होती. राज्यातल्या खाणीतून काळा दगड राजमुद्रेशिवाय निघत नाही. मुद्रा त्या साऱ्या काळात म्हाताऱ्या राजाच्या उशाशी होती, आणि राजा बेशुद्ध होता. त्या दालनात तीन माणसांना प्रवेश होता: प्रधानाला, वैद्याला आणि युवराजाला.

प्रधान राख झाला. वैद्य राज्य सोडून गेला. युवराज आज राजा आहे, आणि त्याच्या नावाला अजून अर्थ नाही. रुइलान दर पौर्णिमेला उत्तर वेशीवर डफ वाजवून तोच प्रश्न विचारते. राजा कायद्याप्रमाणे उभा राहून ऐकतो. ती मुद्रा कोणी उमटवली, हे आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.